लाळ लागलेली पानं

बाळाच्या हातात पुस्तक दिलं की ते आधी तोंडात जातं. कोपरा चोखला जातो, मग पुस्तक फरशीवर आपटून त्याचा आवाज ऐकला जातो, आणि मग केव्हातरी ते उघडतं. आमच्या शेजारच्या काकू पहिल्यांदा हे बघून म्हणाल्या होत्या, "हे काय जी, पोट्टी तर पुस्तक खाऊन राहिली!" मला त्या खाण्यात वावगं काही वाटत नाही. नऊ-दहा महिन्यांच्या लेकराला जग आधी जिभेनं आणि हिरड्यांनी कळतं. चमचा, खुळखुळा, आईचा पदर, सगळ्यांशी त्याची ओळख अशीच झालेली असते. पुस्तकाशीही अशीच व्हायची. अडचण एवढीच, की हे पुस्तक वाचनालयाचं असतं आणि ते परत करायचं असतं.

मी जवाहरनगरला राहते. नागपूरहून महामार्गानं भंडाऱ्याकडे येताना ठाणा पेट्रोल पंपाचा थांबा लागतो, त्याच्या जवळच आमची वसाहत. आयुध निर्माणीमुळे वसलेलं हे गाव. कारखाना केंद्र सरकारचा, त्यामुळे माणसं देशभरातून आलेली. एका ओळीतल्या क्वार्टरांमध्ये मराठी, हिंदी, तेलुगू, बंगाली अशी घरं सहज सापडतात. संध्याकाळी ओट्यावर लेकरं घेऊन बायका बसतात तेव्हा कोण कुठल्या भाषेत लाड करतंय हे कान देऊन ऐकावं लागतं. माझ्या नातीचं वाचन सुरू झालं ते या ओट्यावर. म्हणून तिच्यासाठी पुस्तकं आणताना मी शब्द नसलेली किंवा अगदी थोडे शब्द असलेली पुस्तकं जास्त निवडू लागले. तेच पान उघडून शेजारची आई आपल्या मुलाशी तेलुगूत बोलते, मी नातीशी मराठीत बोलते, आणि दोन्ही लेकरं एकाच कुत्र्याच्या पिल्लावर बोट ठेवतात. त्यासाठी कुणाला भाषांतर करत बसावं लागत नाही. वसाहतीत राहणाऱ्या माणसाला या पुस्तकांचं मोल चटकन कळतं.

नॅशनल बुक ट्रस्टची स्थापना १९५७ साली झाली. लहान मुलांसाठीच्या त्यांच्या मालेचं नाव नेहरू बाल पुस्तकालय. आमच्या गावाच्या नावात जवाहर आणि या पुस्तकांवर नेहरू, हा योगायोग मला उगाच आवडतो. या मालेतली पुस्तकं पातळ, स्वस्त आणि अनेक भारतीय भाषांत निघणारी; आणि त्यातली चित्रं पुलक बिश्वास, मिकी पटेल अशा खऱ्या चित्रकारांनी काढलेली. मिकी पटेल यांची रूपा नावाची हत्तीण बघताना माझी नात जितकी स्थिर बसते तितकी ती जेवतानाही बसत नाही. स्वस्त पुस्तकात चांगलं चित्र घालणं हा ज्यांनी हट्ट धरला, त्यांचे या देशातल्या लेकरांवर उपकार आहेत.

एका पुस्तकात मुंग्यांची रांग आहे. नात नऊ-दहा महिन्यांची होती तेव्हा ती त्या मुंग्या चिमटीत पकडायला बघायची. अंगठा आणि तर्जनी जवळ आणून कागदावरून मुंगी उचलायची, ती येत नाही म्हटल्यावर नख लावून खरवडायची, मग हात उलटा करून बोटांची टोकं बघायची. कपाळाला आठी. पुन्हा चिमूट. मला वाटायचं, ही आमच्याच नातीची तऱ्हा. पुढे वाचनात आलं की अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ ज्युडी डीलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली नेमकं हेच नोंदवून ठेवलं आहे. नऊ महिन्यांची बाळं चित्रातली वस्तू उचलू पाहतात. आयव्हरी कोस्टमधल्या खेड्यांतली, जिथं चित्रांची पुस्तकं फारशी पोचलेली नव्हती तिथली बाळंसुद्धा तसंच करतात. दीड वर्ष उलटून गेलं की ती उचलणं सोडतात आणि बोट दाखवू लागतात. म्हणजे मधल्या काही महिन्यांत त्यांना एक फार मोठी गोष्ट कळते. कागदावरची मुंगी मुंगी नसते, तरी ती मुंगीबद्दल काहीतरी सांगत असते. अक्षरं, नकाशे, फोटो, पुढच्या आयुष्यातलं सगळं वाचणं या एका समजुतीवर उभं राहतं. ती समजूत कुणी समोर बसवून शिकवत नाही. पानावर खरवडून, फसून, पुन्हा खरवडून ती येते. आपण फक्त पान पुढे धरायचं आणि पुस्तकावर ओरखडा उठला म्हणून हात झटकायचा नाही.

बाळाबरोबर वाचायचं म्हणजे ओळीवरून ओळीवर जायचं, असं मोठ्यांना वाटतं. पान संपलं की उलटायची आपल्याला घाई असते. नातीला ती नसते. बाजाराचं मोठं चित्र असतं. भाजीवाल्या, तराजू, टोपल्या, हजार गोष्टी. तिला दिसते ती खालच्या कोपऱ्यात गाडीखाली झोपलेली मांजर. तिथं बोट ठेवून ती माझ्या तोंडाकडे बघते. मी "मांजर" म्हटलं की पुन्हा चित्राकडे, पुन्हा माझ्याकडे. माझं लक्ष मांजरीवर आहे ना, याची ती खात्री करून घेत असते. दोघींनी मिळून एका गोष्टीकडे बघणं, हेच तिचं वाचन. शब्द त्या बघण्याला मागून येऊन चिकटतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. एक वर्षाच्या बाळाला बसल्या जागी पडदा दाखवू नये आणि बसवायचंच असेल तर मोठ्या माणसानं त्याच्याबरोबर वाचावं, गोष्ट सांगावी, असं त्यात आहे. मोबाइलमधली मांजर जास्त हालते, आवाजही काढते. पण बाळानं मांजरीवर बोट ठेवून आपल्याकडे वळून बघेपर्यंत ती निघून गेलेली असते. पुस्तकातली मांजर थांबते.

आमच्या गावात आणखी एका कारणासाठी हे थांबणं मला मोलाचं वाटतं. निर्माणीतलं काम जोखमीचं. २४ जानेवारी २०२५ ला तिथं स्फोट झाला आणि कामगारांचे जीव गेले. त्यानंतर संध्याकाळी माणूस घरी येण्याची वाट बघणं पहिल्यासारखं राहिलं नाही. ड्यूटीवरून आलेल्या बापाला पुष्कळदा बोलायचं नसतं. काय बोलावं तेही सुचत नसतं. अशा वेळी लेकरू पुस्तक घेऊन मांडीवर येऊन बसतं, आणि बापाला एवढंच म्हणावं लागतं, "हा कोण? हत्ती. आणि हा? बगळा." थकलेल्या माणसाकडून ते एवढंच मागतं. त्या दहा मिनिटांत दोघांचाही श्वास संथ होतो, हे मी माझ्या मुलाकडे बघून सांगते.

मराठीत लहानांसाठी मनापासून काम केलेल्यांमध्ये माधुरी पुरंदरे यांचं नाव मी पहिलं घेईन. त्यांच्या बालसाहित्यातल्या एकूण कामासाठी साहित्य अकादमीनं २०१४ साली त्यांना बालसाहित्य पुरस्कार दिला. 'राधाचं घर'मधली राधा आपल्या घरच्या माणसांची ओळख करून देते तेव्हा त्यात उपदेशाचा शब्द नसतो. माणसं जशी असतात तशी असतात. चित्रंही त्यांनीच काढलेली, त्यामुळे शब्द एक सांगतोय आणि चित्र दुसरंच, असं होत नाही. तरीही या आणि अशा इतर पुस्तकांची पानं उलटताना मला आमच्या झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानाच्या मुलखाची, उणीव भासते. माझ्या नातीला जिराफ ओळखता येतो, पेंग्विन ओळखता येतो. पण पावसाळ्यात ठाणा पेट्रोल पंपाच्या पुढे गेलं की दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या धानाच्या बांध्या, त्यात वाकून रोवणी करणाऱ्या बाया, बांधावर ठेवलेल्या पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, जुड्या, मालगुजारी तलावात शिंगाडे काढणारे ढिवर, हे तिला एकाही पुस्तकात भेटलेलं नाही. सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सगळ्यांत उंच. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याच्या धानपट्ट्यातच तग धरून आहे. इतका देखणा, लाल मानेचा पक्षी आमच्या दाराशी आहे आणि आमच्या लेकरांच्या पुस्तकात नाही. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीच्या अभ्यासाला आयुष्य दिलं. त्यांच्या वाटेनं जाणाऱ्या कुणीतरी आता या बोलीतलं, या मातीतलं एक चित्रपुस्तक करावं. दोन वर्षांच्या पोरीला मांडीवर घेऊन बघता येईल असं.

आता वाचनालयाकडे येते. एवढी पुस्तकं विकत घेणं सगळ्यांना परवडत नाही, आणि घेऊही नयेत असं माझं मत आहे. घरी असलेलं पुस्तक कपाटात जातं. वाचनालयाचं पुस्तक पंधरा दिवसांत परत जाणार असतं, म्हणून ते रोज उघडलं जातं. ते परत गेलं की नात दोन दिवस शोधते, आणि पुढे केव्हातरी तेच पुस्तक पुन्हा हाती आलं की असा चीत्कार करते की ओट्यावरची सगळी मंडळी वळून बघतात. मागच्या पानावर तारखांची चिठ्ठी असते. मधल्या तारखांना ते दुसऱ्या कुणाच्या तरी घरी राहून आलेलं असतं. एका पानाला चिकटपट्टी लागलेली, एका कोपऱ्यावर दुसऱ्याच बाळाच्या दातांची बारीक नक्षी. नात त्या नक्षीवर बोट फिरवते. तिच्याआधी कुणीतरी इथं बसून गेलंय, हे तिला आज कळत नसेल. पण ज्या वस्तू आपल्या एकट्याच्या नसतात त्यांच्यावरही जीव लावता येतो, याची सुरुवात मला तिथं दिसते.

आणि नेमक्या याच वयाला आपली वाचनालयं दारात थांबवतात. एका वाचनालयात मी नातीच्या नावानं खातं काढायला गेले तर उत्तर आलं, "वाचता येत नाही ना जी तिला? मग कशाले?" पुस्तक फाटलं तर दंड, ओलं झालं तर दंड. चित्रपुस्तकं काचेच्या कपाटात, कुलूप लावून. त्या माणसाचा दोष मी मानत नाही. त्याला हिशेब द्यावा लागतो. पण भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणाऱ्या रंगनाथनांनी १९३१ साली पाच सूत्रं मांडली आणि त्यातलं पहिलंच असं सांगतं, की पुस्तकं असतात ती वापरण्यासाठी. महाराष्ट्रानं १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, त्याच्या आधारानं गावोगाव वाचनालयं अनुदानावर उभी राहिली. एवढं मोठं जाळं आपल्याकडे आहे. त्यात मांडीवरच्या वाचकाला जागा करायला नवा कायदा लागत नाही.

पुस्तकं थेट बाळापर्यंतही नेता येतात. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला १९९२ साली तीनशे बाळांपासून बुकस्टार्ट नावाची योजना सुरू झाली. बाळाच्या घरी पुस्तकांची पिशवी पोचवायची, एवढंच. आज ती देशभर चालते, जपानमध्येही गेली. आपल्याकडे १९७५पासून अंगणवाडी आहे. सेविका गरोदर बाई आणि तान्ह्या बाळाच्या घरी जातेच, वजन करतेच. तिच्या पिशवीत जाड पुठ्ठ्याची दोन पुस्तकं ठेवली, तर पोषण आहाराबरोबर तीही घरात पोचतील.

ते होईल तेव्हा होईल, तोवर वाचनालय चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे. चित्रपुस्तकांचं कपाट उघडं ठेवा, त्यातली पुस्तकं सगळ्यांत खालच्या फळीवर लावा, रांगणाऱ्या लेकराचा हात पोचेल अशी. तीन वर्षांखालच्या बाळाच्या नावानं खातं उघडू द्या. फाटलेल्या पानाचा दंड माफ करा. चिकटपट्टी आम्ही आणून देऊ, लावूनही देऊ. आणि ज्यांच्या घरात तान्हं लेकरू आहे त्यांना सांगते: पुढच्या खेपेला वाचनालयात जाल तेव्हा त्याला कडेवर घेऊन जा, आणि पुस्तक त्यालाच निवडू द्या.