साळोखे गेले कुठे?

'कम्प्युटरवर दिसत नाही म्हणजे नाहीच!' हे वाक्य काऊंटरच्या अलीकडे उभं राहून आपण सगळ्यांनीच ऐकलंय. आणि खरं सांगा, आपल्यातल्या किती जणांनी ते पलीकडे बसून म्हटलंयही?

माझी मामेबहीण मंगळवार पेठेत राहते. डेटाबेस अ‍ॅडमिन आहे. मिरजकर तिकटीजवळच्या घरात, वरच्या खोलीत तिचं वर्क फ्रॉम होम चालतं. मध्यंतरी तिच्या एका क्लायंटचा सर्व्हर रविवारी रात्री अपग्रेड झाला. अगदी रुटीन मेन्टेनन्स. एकही एरर नाही, सगळे खूश. सोमवारी एका आजोबांचं खातं सापडेना! हातात पासबुक, नंबर बरोबर, स्क्रीन मात्र रिकामी. 'आजोबा, असं खातंच नाही,' असं ऐकून ते परत गेले. जन्मभराची बचत आणि उत्तर काय, तर 'नाही'.

"ताई, डेटा उडाला का गं?" मी विचारलं.

"उडालाय कुठला! आहे तिथंच आहे. शोधणारा वाट चुकलाय."

म्हणजे कसं? आमच्या पेठेत साळोखेंना तोटा नाही. नावांच्या यादीत त्यांना कुठे शोधाल? शाळेत शिकलेल्या मुळाक्षरांत 'ळ' येतो 'ह'च्या नंतर. म्हणजे आधी सावंत, मग साळोखे. पण कम्प्युटरच्या युनिकोड तक्त्यात 'ळ' बसलाय 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये. नुसत्या त्या क्रमाने लावलं, तर आधी साळोखे, मग सावंत. आता यादी एका नियमाने लावलेली आणि शोधणारा दुसऱ्या नियमाने निघालेला असेल तर? तो सावंतांपर्यंत येणार, साळोखे दिसले नाहीत म्हणून माघारी फिरणार. आणि साळोखे दोन ओळी खाली निवांत बसलेले!

डेटाबेसचा इंडेक्स असाच चालतो. तो अख्खं पुस्तक वाचत नाही, प्रत्येक वळणावर 'अलीकडे की पलीकडे' एवढंच ठरवतो. लिनक्समधल्या जीलिबसी या लायब्ररीच्या ऑगस्ट २०१८मध्ये आलेल्या २.२८ आवृत्तीने क्रम लावायचे नियमच बदलले. नेहमीच्या इंग्रजी सेटिंगमध्ये आधी '११' पहिलं आणि '१-१' नंतर यायचं, आता उलटं झालं. पोस्टग्रेस हा डेटाबेस सहसा ऑपरेटिंग सिस्टिमचेच नियम वापरतो. त्यामुळे सिस्टिम नवी झाली, इंडेक्स मात्र जुन्या क्रमात राहिला. डेबियन १० (२०१९) किंवा तशा नव्या लिनक्सवर जुना डेटा तसाच चालू करणाऱ्यांना जगभर हा फटका बसला. आणि आजोबांच्या खाते क्रमांकात नेमकी ती आडवी रेघ होती!

ताईने तोच प्रश्न डेटाबेसला दोनदा विचारला. एकदा इंडेक्समधून, एकदा इंडेक्स बंद ठेवून अख्खं टेबल वाचायला लावून. दुसऱ्या वेळी आजोबा सापडले! एएमचेक या टूलनेही क्रम बिघडल्याचं दाखवलं. उपाय सोपा होता. रीइंडेक्स, म्हणजे यादी नव्याने लावायची.

पण इंडेक्स उभाच राहीना. कारण दरम्यान काऊंटरवर कुणीतरी शहाणपणा करून काही जुन्या नंबरांवर नवी खाती उघडली होती, बाकी शून्य! एका नंबरावर दुसरं खातं होऊ नये, ही राखणही इंडेक्सच करतो. तोच आंधळा झाल्यावर अडवणार कोण? मग ताईने जुनी रजिस्टरं मागवली आणि एकेक नोंद जुळवली.

"खरं कुठलं, हे मशीन सांगत नसतंय गं. कागदच बघायला लागतोय."

दोन दिवसांनी आजोबांना फोन गेला. पासबुक आणि स्क्रीन, दोन्हीकडचा आकडा एकच निघाला.

पोस्टग्रेस १५पासून (२०२२) असा नियमबदल झाला, तर डेटाबेस स्वतःच वॉर्निंग देतो. पण ती वाचायला माणूस हवाच. शिवाय दुरुस्तीवरही डोळे झाकून विसंबता येत नाही. पोस्टग्रेस १४मध्ये काम न थांबवता इंडेक्स नव्याने लावायच्या सोयीतच दोष होता. त्याने काही नोंदी इंडेक्सबाहेर राहू शकत. जून २०२२मध्ये आलेल्या १४.४ने तो काढला.

तेव्हा तुमच्या ऑफिसात मेन्टेनन्स झालं की 'एरर नाही' यावर खूश होऊ नका. चार ओळखीच्या नोंदी शोधून बघा, एकूण आकडा दोन्ही वाटांनी मोजून बघा. आणि समोरचा माणूस कागद घेऊन उभा असेल, तर 'नाही' म्हणू नका. 'सापडत नाहीये, बघतो' म्हणा. तेवढ्यावर माणूस खुर्चीत बसून थांबतो, घरी परत जात नाही.