घरी बांधलेल्या मोटारीचा नंबर

लॉस एंजेलिसची ख्याती मोटारींचे शहर अशी आहे. परंतु सांगली-साताऱ्याकडून तेथे स्थायिक झालेल्या मराठी माणसाला, आणि विशेषतः सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात किंवा कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात लेथ आणि वेल्डिंगची प्रात्यक्षिके केलेल्या माणसाला, तेथील आठपदरी रस्त्यांचे नवल फार काळ टिकत नाही. त्याला दीर्घकाळ विचारात पाडते ती गोष्ट अशी की, त्या शहरात एखादा सामान्य नोकरदार स्वतःच्या घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये फावल्या वेळात मोटार बांधू शकतो, आणि ती बांधून झाल्यावर सरकार तिला रीतसर नंबर देऊन रस्त्यावर आणू देते. सुटीच्या सकाळी उपनगरांतील गॅरेजांची दारे वर गेलेली असतात, आत चासी स्टँडवर चढवलेली असते, आणि शुक्रवारी संध्याकाळी बरबँकमधील ‘बॉब्ज बिग बॉय’ या १९४९ सालच्या उपाहारगृहाच्या आवारात अशा गाड्यांचे मालक बॉनेट उघडून उभे असतात. पोमोना येथील जत्रेच्या मैदानावर ठरावीक रविवारी जुन्या सुट्या भागांचा जो बाजार भरतो, त्यात गिअरबॉक्स, स्टिअरिंग आणि गंजलेले पत्रे उलटसुलट करून पाहणाऱ्यांची गर्दी पुण्याच्या जुन्या बाजाराची आठवण करून देणारी असली, तरी येथे घासाघीस बरीच मवाळ चालते.

या गाड्यांपैकी ज्यांना ‘हॉट रॉड’ म्हणतात त्यांचे स्वरूप नेमके समजून घेणे आवश्यक आहे, कारण जुन्या मोटारींच्या संदर्भात मराठी वाचकाला परिचित असते ती जतनाची कल्पना. कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांची केशरी रंगाची मेबॅक दसऱ्याच्या मिरवणुकीत येते तेव्हा ती जशी होती तशी दिसावी, यातच तिचे मोल असते. हॉट रॉडचा विचार याच्या नेमका उलट आहे. बहुधा १९२० ते १९४० या काळातील स्वस्त गाडी घ्यायची, मडगार्ड, बंपर आणि कधी छप्परही काढून तिचे वजन उतरवायचे, इंजिन अधिक ताकदीचे करायचे किंवा सरळ बदलायचे, आणि मूळ कारखान्याने कधी कल्पनाही केली नसेल इतका वेग तिच्याकडून घ्यायचा, अशी ही रीत आहे. जतन करणारे अभ्यासक तिला विध्वंस मानतात, आणि जेथे गाडी दुर्मीळ आहे तेथे त्यांचे म्हणणे बरोबरच आहे; तथापि ज्या फोर्ड गाड्यांवर हा प्रकार उभा राहिला त्या लाखोंच्या संख्येने तयार झाल्या होत्या आणि भंगारवाल्याच्या आवारात मातीमोल भावाने मिळत होत्या.

या रीतीचा उगम हौसेत जितका आहे तितकाच टंचाईत आहे, हे आज पोमोनाच्या प्रदर्शनातील चकचकीत रंग पाहताना लक्षात येत नाही. मंदीच्या काळात दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुणांकडे पैसा नव्हता, परंतु शहराच्या ईशान्येला म्युरॉक आणि एल मिराज येथील कोरड्या तलावांचे मैलोन्‌मैल सपाट तळ होते, आणि फोर्डने १९३२ मध्ये आणलेले व्ही-८ इंजिन, म्हणजे इंग्रजी व्ही अक्षराच्या दोन बाजूंना चार-चार सिलिंडर असलेले इंजिन, हळूहळू जुन्या बाजारात उतरू लागले होते. २२१ घनइंचाचे, सुमारे ६५ अश्वशक्तीचे हे इंजिन तोपर्यंत श्रीमंतांच्या गाड्यांपुरत्या असलेल्या आठ सिलिंडरांना सामान्यांच्या आवाक्यात घेऊन आले. त्यावर काम करणाऱ्यांत स्थलांतरितांची मुलेही होती. आर्मेनियन कुटुंबात जन्मलेले एड इस्केन्डेरियन यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर कॅमशाफ्ट, म्हणजे झडपांची उघडझाप ठरवणारा उंचवट्यांचा दांडा, नव्या आकारात घासून देण्याचा व्यवसाय उभारला आणि ते या क्षेत्रातील सर्वांत परिचित नावांपैकी एक ठरले.

टर्बोचार्जर या गोष्टीत फार उशिरा आला. वास्तविक त्याची कल्पना हॉट रॉडपेक्षा जुनी आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांना तिचे पेटंट १९०५ मध्ये मिळाले होते. इंजिनात जाळलेल्या इंधनातील सुमारे एक तृतीयांश ऊर्जा सायलेन्सरवाटे गरम वायूच्या रूपाने वाया जाते. त्याच वायूच्या झोतावर एक लहान टर्बाइन फिरवायचे, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला बसवलेल्या पंख्याने बाहेरची हवा दाबून सिलिंडरात भरायची, आणि जास्त हवेबरोबर जास्त इंधन जाळून त्याच आकाराच्या इंजिनातून अधिक ताकद काढायची, असे हे तत्त्व आहे. समुद्रसपाटीला हवेचा दाब प्रत्येक चौरस इंचाला साधारण १४.७ पौंड असतो. त्यावर सात पौंडांची भर घातली, तर सिलिंडरात जाणारी हवा जवळजवळ दीडपट होते. प्रवासी मोटारींत ही युक्ती १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर यांच्याद्वारे प्रथम आली. एका मिनिटात लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या त्या दांड्याला तेलाचा अखंड पुरवठा लागतो. दाबलेली हवा तापते म्हणून तिला थंड करणारा इंटरकूलर मध्ये बसवावा लागतो. आणि दाब मर्यादेबाहेर गेल्यास वायूला आडवाटेने सोडून देणारी ‘वेस्टगेट’ नावाची झडप ठेवावी लागते, अन्यथा इंधनाचा वेळेआधी भडका उडून पिस्टनला भोक पडते.

जुन्या गाडीत हे बसवताना अडचण टर्बोची नसते, जुन्या गाडीची असते. १९३२ च्या फोर्ड इंजिनात इंधनमिश्रण दाबले जाण्याचे प्रमाण जेमतेम साडेपाचास एक होते, आणि इतके कमी प्रमाण बाहेरून दाब वाढवणाऱ्या यंत्राला वस्तुतः सोयीचेच आहे. परंतु त्या इंजिनात जळालेला वायू बाहेर नेणाऱ्या वाटा थंड पाण्याच्या पोकळ्यांतून गेलेल्या असल्याने ते मुळातच तापट आहे, आणि त्याचा क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली गतीचे फिरत्या गतीत रूपांतर करणारा दांडा, तीनच मुख्य बेअरिंगांवर टेकलेला आहे. म्हणून बहुतेक जण ते इंजिन बाजूला ठेवून आधुनिक इंजिन बसवतात. पण काम तेथेही संपत नाही, कारण त्या काळच्या फोर्डला ब्रेक होते ते लोखंडी सळ्यांनी ओढले जाणारे (तेलाच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक ब्रेक फोर्डने १९३९ च्या मॉडेलपासून दिले), पुढे-मागे एकेक आडवा पाटा होता, आणि चासीचे दांडे एका बाजूने उघडे, पन्हाळीसारखे होते. ताकद तिप्पट केली की ते दांडे पिळवटतात. म्हणून उघड्या बाजूला पोलादी पट्टी वेल्ड करून त्यांची बंद पेटी करावी लागते, डिस्क ब्रेक लावावे लागतात, आणि मागचा अ‍ॅक्सलही बदलावा लागतो. वेगाच्या नावाने सुरू झालेल्या कामाचा मोठा भाग थांबण्याच्या आणि सरळ चालण्याच्या व्यवस्थेवर खर्च होतो, ही गोष्ट प्रदर्शनात इंजिनाभोवती जमणाऱ्या प्रेक्षकांच्या सहसा ध्यानात येत नाही.

हे सारे पाहताना सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव असलेल्या देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हौसेखातर भंगारातील सुटे भाग जोडून जीपसारखी दिसणारी एक लहान चारचाकी तयार केली, जिचे इंजिन दुचाकीप्रमाणे किक मारून सुरू होत असे आणि जिचा खर्च सुमारे साठ हजार रुपये असल्याचे वृत्त होते. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचे जाहीर कौतुक केले, पण त्याच वेळी ती नियमांत बसत नसल्याने स्थानिक अधिकारी आज ना उद्या ती थांबवतील, हेही सांगितले आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती अदलाबदल झाली. या घटनेकडे उदारतेची कथा म्हणून पाहिले गेले, आणि ती तशी आहेही. परंतु हाताने बांधलेल्या गाडीला महिंद्रांच्या संशोधन केंद्रात प्रदर्शनाची जागा मिळावी आणि रस्त्यावर मात्र मिळू नये, हा तिचा दुसरा अर्थ त्या कौतुकात झाकला गेला.

या भागात कौशल्याची वाण कधीच नव्हती. देवराष्ट्र्यापासून फार दूर नसलेल्या किर्लोस्करवाडीत लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या जमिनीवर नांगरांचा कारखाना उभारला. सातारा रोडला धनजीशा कूपर यांचा कारखाना १९२२ पासून, प्रथम नांगरांनी आणि पुढे डिझेल इंजिनांनी, नावारूपाला आला. सातारा शहरातील महाराष्ट्र स्कूटर्समध्ये बजाजची ‘प्रिया’ तयार होत असे. तरीही या परंपरेने कारखानदार घडवला, कामगार घडवला, मिस्त्री घडवला. एकट्याने गाडी बांधणाऱ्याची संघटना मात्र तिच्यातून उभी राहिली नाही. कॅलिफोर्नियात नेमके तेच घडले. १९३७ मध्ये, योगायोगाने ज्या वर्षी कूपर हे मुंबई प्रांताच्या अल्पकालीन मंत्रिमंडळाचे प्रमुख झाले त्याच वर्षी, तेथील मोटार क्लबांनी ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ स्थापन केली, जिने कोरड्या तलावांवर धावणाऱ्या प्रत्येक गाडीची तपासणी आणि वेळमोजणी स्वतःच सुरू केली. शहरातील रस्त्यांवरच्या शर्यतींमुळे वृत्तपत्रे आणि पोलीस या तरुणांवर संतापलेले असताना त्यांनी जानेवारी १९४८ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये प्रदर्शन भरवले, १९५१ मध्ये ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ काढली, आणि १९५३ मध्ये पोमोनाच्या मैदानावर तिच्या पहिल्या अधिकृत शर्यती झाल्या. शिस्त आधी आली आणि सवलत मागून आली, हा क्रम येथे महत्त्वाचा आहे.

ती सवलतही सरसकट नाही. घरी बांधलेली गाडी कॅलिफोर्नियात ‘विशेष बांधणीचे वाहन’ या वर्गात नोंदली जाते. त्यासाठी सुट्या भागांच्या पावत्या, ब्रेक, दिवे आदींच्या सुरक्षा-तपासणीचे प्रमाणपत्र, तसेच महामार्ग पोलिसांकडून ओळखक्रमांकाची पडताळणी लागते. प्रदूषणाच्या बाबतीत २००१ मध्ये संमत झालेल्या कायद्याने दर वर्षी अशा ५०० गाड्यांना, त्या ज्या सालच्या गाडीसारख्या दिसतात किंवा त्यांचे इंजिन ज्या सालच्या इंजिनासारखे आहे, त्या सालचा नियम लावून घेण्याची मुभा दिली, आणि म्हणून जानेवारीत कचेरी उघडताच अर्जदार रांगेत उभे राहतात. भारतात मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम मूळ उत्पादकाच्या तपशिलांशी विसंगत बदलांना मनाई करते, गॅस किट किंवा अपंगांसाठीचे फेरफार असे मोजके अपवाद वगळता, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तिला दुजोरा दिला. अरुंद रस्ते आणि अपघातांचे प्रमाण पाहता ही मनाई निराधार म्हणता येत नाही. पण तपासणी करून परवानगी देण्याचा मधला मार्गच तिने बंद केला, ही तिची उणीव आहे.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नंबर मालिका जाहीर केली, तेव्हा परदेशातील काही हौशींना आपली गाडी कधी गावी नेता येईल असे वाटले असल्यास ते स्वाभाविक होते. तथापि ती मालिका मूळ रूपात राखलेल्या, चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार न झालेल्या गाड्यांपुरती आहे, आणि तीही रोजच्या वापरासाठी नाही. पेटीबंद चासी, नवे इंजिन आणि टर्बो असलेली १९३२ ची फोर्ड त्यामुळे ‘व्हीए’मध्ये बसत नाही, आणि कोणत्याही उत्पादकाच्या तपशिलाशी ती जुळत नसल्याने सांगलीच्या एमएच-१० मध्ये किंवा साताऱ्याच्या एमएच-११ मध्येही तिला जागा नाही.