देवघरांतील अक्षता

गेल्या श्रावणांतील एका सोमवारीं पूजा आटोपून आम्ही आसनावरून उठत होतों, तोंच आसनाच्या कडेशीं तांदळाचे चार दाणे दिसले. अक्षता सांडल्या असाव्यात असें समजून आम्ही त्या उचलण्यास वांकलों. त्यांतील एक अक्षता लांबली, आखडली आणि सावकाश पुढें सरकली! साठी उलटलेल्या डोळ्यांवर आमचा विश्वास बसेना. चष्मा पुसून पुन्हां पाहिलें. ती चालतच होती.

आमच्या घरीं मोती नांवाचा कुत्रा आणि मनी नांवाची मांजर आहे. आम्ही स्नानास गेलों कीं मोती आमच्या आसनावर येऊन निजतो, हा त्याचा जुना परिपाठ. त्याचें शेपूट उचलून पाहतां आणखी दोन ‘अक्षता’ तेथें चिकटलेल्या आढळल्या. सौभाग्यवतींनीं “अहो, देवापुढें किडे!” असें म्हणून सारें देवघर धुवावयास काढलें. सूनबाई त्या वेळीं कांहीं बोलली नाहीं; मोतीच्या गळ्यांत पडलेल्या तीन वर्षांच्या नातवाला सोडवून तिनें माडीवर नेलें. रात्रीं जेवणें झाल्यावर मात्र ती म्हणाली, “मामंजी, हे बाळाच्या पोटांत गेले तर? मोतीला मळ्यावर पाठवूं या.” आमचे धाकटे बंधूही तिच्याच बाजूचे. तिचें म्हणणें अवाजवी आहे असें आम्हांसही म्हणवेना. आम्हीं दोन महिन्यांची मुदत तेवढी मागून घेतली.

आमचे आजोबा गांवांतील कुत्र्यांस गुळांतून सुपारीचें चूर्ण देत. कुत्र्यास लाळ सुटे, उलट्या होत आणि कधीं कधीं जंतही पडत. हा सुपारींतील ॲरेकोलिन या द्रव्याचा प्रताप. पूर्वीं पाश्चात्य पशुवैद्यही तें वापरीत. परंतु त्यांत जनावराचे हाल फार होतात, म्हणून तो उपाय मागें पडला. आम्हीं तो केला नाहीं. केलें तें इतकेंच कीं, कोणास न विचारतां दुकानांतून ‘कुत्र्याची जंताची गोळी’ आणून चारली. आठवड्यानें अक्षता पुन्हां हजर!

तेव्हां कोठें आम्ही गुरांच्या दवाखान्यांत गेलों. तेथील डॉक्टरीणबाई आमच्या सुनेच्या वयाच्या. त्यांनीं गोळीचें वेष्टन पाहिलें आणि म्हणाल्या, “सर, ही गोल जंतांची गोळी आहे. मोतीला पट्टकृमि झाला आहे. हिनें तो हलायचाही नाहीं.” पट्टकृमि म्हणजे फितीसारखा चपटा, अनेक पेरांचा जंत. तो आंतड्यांत डोकें रोवून बसतो आणि त्याचीं शेवटचीं पेरें सुटून बाहेर पडतात. तींच आमच्या अक्षता. त्या सुकल्या म्हणजे तिळाएवढ्या पिवळसर होतात, आणि एकेकीच्या पोटांत अंड्यांच्या पुड्याच्या पुड्या असतात. यावरील औषधाचें नांव प्राझिक्वाँटेल. १९७० च्या दशकांत जर्मनींत तें सिद्ध झालें. त्यानें जंताची त्वचा फाटते, स्नायू आंकडतात, पकड सुटते आणि बहुधा तो आंतड्यांतच पचून जातो. म्हणून शौचांत अख्खा जंत दिसला नाहीं तरी औषध फुकट गेलें असें समजूं नये. मात्रा वजनावर, किलोमागें सुमारें ५ मिलिग्रॅम. मोतीला उचलून आम्ही काट्यावर उभे राहिलों, मग एकटे उभे राहिलों, आणि वजाबाकी केली. अठरा किलो. दोन गोळ्या ठरल्या.

गोळी अतिशय कडू असते. मोतीनें पोळीच्या गुंडाळींतील तूप चाटलें, पोळी खाल्ली आणि गोळी आमच्या पायाशीं स्वच्छ करून ठेवली! अखेर चिरंजीवांनीं ती जिभेच्या मुळाशीं ठेवून त्याचा जबडा मिटून धरला. मनीच्या तोंडांत तिच्या वजनाची गोळी फुटली, तेव्हां तिनें जो फेंस काढला तो पाहून सौभाग्यवतींनीं देवास नवस बोलला. तीन आठवडे निर्मळ गेले. चौथ्या आठवड्यांत आसनावर पुन्हां एक अक्षता!

औषध खोटें, असें म्हणत आम्ही दवाखान्यांत गेलों. बाईंनीं मोतीच्या पाठीवरचे केंस उलटे फिरविले आणि आंतून पळणाऱ्या पिसवा आम्हांस दाखविल्या. पट्टकृमीचीं अंडीं पिसवेची अळी खाते. अळीची पिसू होते. अंग चावतांना कुत्रा ती पिसू गिळतो, आणि सुमारें तीन आठवड्यांत नवा जंत तयार! गोळी पोटांतील जंत मारते. उद्यां गिळलेल्या पिसवेवर तिची सत्ता नाहीं. मुलाच्या पोटांतही हा जंत जातो तो पिसू गिळली गेली तरच, अक्षतेला हात लागल्यानें नव्हे. हें ऐकतांना आम्ही मनांत ओशाळलों. चरकसंहितेच्या विमानस्थानांत कृमींवर अपकर्षण, प्रकृतिविघात आणि निदानपरिवर्जन असे तीन उपाय सांगितले आहेत. जंत बाहेर काढा, त्यास पोषक अशी शरीराची स्थिति मोडा, आणि मूळ कारण टाळा. हे शब्द आम्हांस तोंडपाठ, आणि घरांतली पिसू आम्हांस दिसली नाहीं!

बाईंनीं आणखी एक गोष्ट बजावली. मेंढरांचें कच्चें काळीज वा फुप्फुस खाणाऱ्या कुत्र्यास दुसरा एक पट्टकृमि होतो. तो जेमतेम तांदळाएवढा, परंतु त्याचीं अंडीं माणसाच्या पोटांत गेल्यास यकृतांत पाण्याच्या गांठी वाढतात. आइसलंड देशांत या रोगानें एकोणिसाव्या शतकांत हाहाकार केला होता, आणि त्याच्याच धास्तीनें रेक्याविक शहरांत १९२४ पासून १९८४ पर्यंत कुत्रें पाळण्यास बंदी होती. मळ्याशेजारीं खाटकाचें दुकान आहे हें आम्हांस आठवलें. मोतीला तेथें पाठविणें म्हणजे लहान संकट देऊन मोठें घेणें होतें.

आतां आमचा खरा अपराध. पिसवांसाठीं बाईंनीं मोतीच्या मानेवर ओतावयाचें औषध दिलें आणि मनीला दुसरें घ्या म्हणून सांगितलें. त्या कुपींत चार थेंब उरले. आयुष्यभर खडूचे तुकडे जपून वापरणाऱ्या मास्तरास ते टाकवेनात. आम्हीं ते मनीच्या मानेवर सोडले. संध्याकाळीं तिचे कान फडफडूं लागले, मग सारें अंग थरथरूं लागलें आणि पाय आंखडून ती कोठीच्या दाराशीं पडली. त्या औषधांत पर्मेथ्रिन होतें. कुत्र्याचें यकृत तें निकामी करूं शकतें. मांजरीच्या यकृतास ती शक्ति फारच थोडी.

सूनबाईनें आम्हांस एकच प्रश्न केला, “मामंजी, काय लावलेंत?” आम्हीं कुपी पुढें केली. तिनें दवाखान्यांत फोन लावला. त्यांनीं सांगितल्याप्रमाणें मनीची मान भांडीं धुण्याच्या साबणानें कोमट पाण्यांत धुतली, टॉवेलांत गुंडाळली आणि चिरंजीवांच्या मागें गाडीवर बसली. आम्ही ओसरीवर बसून राहिलों. त्या रात्रीं आम्हांस जेवण गेलें नाहीं. मनीस दोन दिवस तेथें ठेवावें लागलें. तिसऱ्या दिवशीं घरीं आली तीं पाय लटपटतच होते, पण दूध प्याली.

त्यानंतर फरशीच्या सांध्यांत सिमेंट भरलें. मोतीचें पोतें दर आठवड्यास कढत पाण्यांत पडतें. पिसवांचे कोष सांध्यांत महिनोन् महिने टिकतात, म्हणून केरसुणी कोपऱ्यांतून रोज फिरते. दोघांना पुन्हां एकदां गोळ्या दिल्या, आणि पिसवांचें औषध ज्याचें त्याला दर महिन्यास मिळतें. दिवाळी गेली, संक्रांत गेली. अक्षता ताम्हनाबाहेर दिसल्या नाहींत. मळ्याची गोष्ट कोणी काढीत नाहीं. औषधांची पेटी सूनबाईनें आपल्या कपाटांत ठेविली आहे, आणि तिची किल्ली आम्हीं अजून मागितलेली नाहीं. आसन आतां खुंटीवर असतें. मोती पहाटे येतो, वर पाहतो, आणि खुंटीखालींच फरशीवर अंग टाकतो.