स्क्रीन अंधारली, की हात थांबवा



रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड यांवर लिहिणारा हा डॉक्टर आज कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर का लिहितोय, असं तुम्हाला वाटेल. कारण सांगतो. गेल्या पावसाळ्यात माझ्या हातून एक चूक होता होता राहिली. थोडा दोष स्क्रीनचा होता, पण बराचसा माझ्या सवयीचा.

संध्याकाळची ओपीडी, बाहेर गर्दी. सत्तरीच्या एक मावशी सुनेबरोबर आल्या. गुडघे सुजलेले, जिना चढवत नव्हता. "काहीतरी जोरदार द्या डॉक्टर, रात्रभर डोळा लागत नाही." मी तपासलं आणि कॉम्प्युटरवर डायक्लोफेनॅक टाइप केलं. त्याबरोबर मागची सगळी स्क्रीन काळवंडली आणि मधोमध एक पांढरी चौकट आली. चालू औषधांबरोबर हे औषध त्रासदायक ठरू शकतं, पुढे जायचं का, असा प्रश्न आणि खाली 'होय' व 'नाही'. मी 'होय' दाबलं. चौकट गेली, स्क्रीन पुन्हा उजळली. सगळं मिळून एखादा सेकंद.

सून म्हणाली, "डॉक्टर, आत्ता ते काय विचारत होतं?"

मला सांगता येईना, कारण मी ते वाचलंच नव्हतं. मागे जाऊन पाहिलं. मावशींना रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी हायड्रोक्लोरोथायाझाइड अशी दोन्ही औषधं चालू होती. शेवटच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिनही वाढलेलं होतं.

यात धोका काय, ते समजून घ्या. लघवी वाढवणाऱ्या गोळीने शरीरातलं पाणी कमी होतं. वेदनाशामक गोळीमुळे किडनीत रक्त आणणाऱ्या बारीक वाहिन्या आकसतात. अशा वेळी किडनी रक्त बाहेर नेणाऱ्या वाहिन्या आवळून आतला दाब राखते, पण टेल्मिसार्टन तेही करू देत नाही. तिन्ही एकत्र आल्यावर, विशेषतः वयस्कर आणि आधीच किडनी कमजोर असलेल्या माणसात, किडनीचं काम एकाएकी ढासळू शकतं. मी डायक्लोफेनॅक काढून टाकलं. पॅरासिटामॉल, वरून लावायचं मलम, शेक आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम यांवर मावशींचं भागलं. सुनेचे मात्र मी मनापासून आभार मानले.

मागची स्क्रीन मंद का करतात?

उत्तर दिल्याशिवाय दुसरं काहीच करू न देणाऱ्या अशा चौकटीला 'मोडल डायलॉग' म्हणतात. ती आली की मागची बटणं दाबून उपयोग नसतो. मग ती बटणं पूर्वीसारखीच लखलखीत दिसत राहिली तर माणूस गोंधळतो, पुन्हा पुन्हा क्लिक करतो, कॉम्प्युटर अडकला असं समजतो. म्हणून मागचा भाग मंद करतात. 'तिकडे आत्ता काही चालणार नाही, इकडे बघा' हे न बोलता सांगायची ती पद्धत आहे.

यात डोळ्यांचं शास्त्रही आहे. आपल्याला वाचण्याइतकं स्पष्ट दिसतं ते नजरेच्या अगदी मधल्या भागात. हात लांब केल्यावर अंगठ्याचं नख जेवढं दिसतं, साधारण तेवढाच तो भाग. बाकीची नजर ढोबळ असते, पण उजेडातला फरक आणि हालचाल ती चटकन टिपते. भोवती काळोख आणि मध्ये उजळ चौकट आली, की डोळे आपोआप तिकडे वळतात.

विंडोज एक्सपी आठवतंय? कॉम्प्युटर बंद करायला गेलं, की मागचे रंग हळूहळू उडून सगळं करडं व्हायचं. २००७ साली विंडोज व्हिस्टा बाजारात आली आणि त्यात या अंधाराला सुरक्षेचं काम मिळालं. एखादा प्रोग्रॅम कॉम्प्युटरमध्ये मोठा बदल करू लागला, की विंडोज तुमच्या स्क्रीनचं चित्र घेते, ते काळवंडून मागे लावते आणि परवानगीचा प्रश्न एका वेगळ्या, सुरक्षित डेस्कटॉपवर विचारते. त्यामुळे एखादा खोडसाळ प्रोग्रॅम तुमच्या नावाने परस्पर 'होय' दाबू शकत नाही. पण व्हिस्टा हा प्रश्न इतक्यांदा विचारायची की लोक वैतागले. २००९ साली विंडोज ७ मध्ये तो किती वेळा यावा आणि स्क्रीन अंधारावी की नाही, हे ठरवायची सोय द्यावी लागली.

मग मी का चुकलो?

एक कारण सवय. घड्याळाची टिकटिक जशी थोड्या वेळाने ऐकू येईनाशी होते, तसंच हेही. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये गोळी जेवणाआधी की नंतर, एवढ्यासाठीही स्क्रीन अंधारायची. दिवसातून पन्नास वेळा 'होय' दाबणाऱ्या बोटाला एकावन्नावी सूचना किडनी वाचवायला आली आहे, हे कळत नाही.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. उत्तर देण्यासाठी जे बघायला हवं होतं, ती औषधांची यादी आणि क्रिएटिनिनचा आकडा, नेमकं तेच चौकटीमागे झाकलं गेलं होतं.

नजर समोर असूनही दिसत नाही, हे तज्ज्ञांच्या बाबतीतही घडतं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधायला सांगितलं होतं. त्यात गुपचूप एका गोरिलाचं चित्र घातलेलं होतं. २० जणांना ते दिसलं नाही, आणि त्यातल्या बहुतेकांची नजर थेट त्यावरून गेली होती! उजेड नजर खेचून आणतो. वाचायचं काम मात्र मनालाच करावं लागतं.

त्या रात्री मी सॉफ्टवेअरवाल्याला फोन केला. साध्या सूचना आता बाजूच्या पिवळ्या पट्टीत येतात, स्क्रीन अंधारत नाही. अंधार फक्त गंभीर गोष्टींसाठी राखून ठेवला आहे. धोक्याच्या चौकटीतच औषधांची नावं आणि क्रिएटिनिन दाखवा, असंही मी सांगितलंय. ते अजून झालेलं नाही, मी मागे लागलो आहे. तोपर्यंत माझा एक नियम आहे: स्क्रीन अंधारली, की माऊसवरून हात काढायचा, प्रश्न पूर्ण वाचायचा, मग बोट लावायचं.

तुमच्यासाठी चार गोष्टी

१. डॉक्टरांकडे जाताना चालू औषधांच्या स्ट्रिप्स किंवा यादी सोबत न्या. ॲलर्जी, किडनीचा किंवा पोटाच्या अल्सरचा त्रास असेल तर न विचारता सांगा. सगळं स्क्रीनवर आहेच, असं धरून चालू नका.

२. डॉक्टरांच्या स्क्रीनवर चौकट येऊन गेलेली दिसली, तर त्या सुनेसारखं जरूर विचारा. चांगल्या डॉक्टरला याचा राग येत नाही.

३. घरच्या कॉम्प्युटरची पूर्ण स्क्रीन काळवंडून परवानगी मागितली गेली आणि तुम्ही स्वतः काही बसवत नसाल, तर 'नाही' दाबा. फोनवरचा अनोळखी माणूस 'होय' दाबायला सांगत असेल, तर फोनही ठेवा.

४. मोतीबिंदू असलेल्यांना करड्यावर करडी अक्षरं वाचता येत नाहीत. आई-वडील न वाचताच 'ओके' दाबत असतील तर रागावू नका. अक्षर मोठं करून द्या आणि डोळे तपासून घ्या.

मावशी परवाच येऊन गेल्या. क्रिएटिनिन आहे तिथेच आहे, वाढलेलं नाही. सून माझ्या स्क्रीनकडे बघत बसली होती. मी मॉनिटर थोडा तिच्या बाजूला वळवून ठेवला.

काळजी घ्या.