साठ फुटांवरून काढलेला फोटो

माझ्याकडे कॅननचा २०० डी आहे. २०१८ साली बोनसच्या पैशातून घेतला. त्याच्यासोबत १८-५५ ही किट लेन्स आली आणि पुढची काही वर्षं तेवढ्यावरच भागलं. पोटासाठी मी फोटो काढत नाही, नोकरी हिशेबाची आहे. पण खानदानात कॅमेरा असलेला मी एकटाच. त्यामुळे कोंढव्यापासून भवानी पेठेपर्यंत कुणाचाही निकाह, वलीमा, अकीका असला की दावतीबरोबर निरोप येतोच, "कॅमेरा लेके आना." बिर्याणीच्या बदल्यात फोटो, असा आमचा जुना व्यवहार आहे.

तक्रार होती ती उजेडाची. आपल्याकडच्या शादी हॉलमध्ये स्टेजवर डोळे दिपतील एवढे दिवे असतात आणि स्टेज सोडलं की अंधार. किट लेन्स ५५ वर नेली की तिचं ॲपर्चर एफ ५.६ च्या पुढे उघडतच नाही. मग आयएसओ ६४०० वर न्या, तरी शटर १/३० वर येतं. फोटोत दाणे दिसतात ते वेगळंच, पण दुआला उठलेले हात नेमके हललेले येतात. लेन्समध्ये स्टॅबिलायझर आहे ना, असं कुणीतरी म्हणतं. आहे, पण तो माझा हात स्थिर करतो, काझीसाहेबांचा नाही.

ज्याला विचारावं तो एकच उत्तर द्यायचा, सत्तर-दोनशे घे. ७०-२०० एफ २.८. लग्नं करणारी फोटोग्राफर मंडळी हे नाव असं घेतात की जणू ती लेन्स घेतल्याशिवाय माणूस बालिगच होत नाही. एफ ५.६ च्या तुलनेत एफ २.८ म्हणजे चौपट उजेड. आयएसओ ६४०० चं काम १६०० मध्ये होतं. वजन साधारण दीड किलो, आणि नवी घ्यायची तर लाखाच्या वर. माझ्याकडे साठवलेले साठ हजार होते, म्हणजे जुनीच बघावी लागणार होती. पैसे घालायच्या आधी तीन दिवस भाड्याने आणून बघावी असं ठरवलं. त्या तीन दिवसांत ईद होती आणि लगेच मामेबहिणीचा निकाह.

ईदच्या सकाळी मोहल्ल्यातल्या मशिदीत पहिल्या जमातीत नमाज अदा केली आणि गोळीबार मैदानाच्या ईदगाहकडे निघालो. लांब एका कठड्यावर चढून लेन्स २०० वर नेली. समोर जे दिसलं ते मी लहानपणापासून बघत आलो होतो, मैदानात नव्हे, दुसऱ्या दिवशीच्या पेपरात. टोप्याच टोप्या, पाठींवर पाठी, मध्ये बोटही शिरणार नाही अशी दाट गर्दी. खरं सांगतो, छाती फुगली. वाटलं, जमलं आपल्याला, अगदी पेपरातल्यासारखा आलाय.

संध्याकाळी अब्बांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "ह्यात ओळखीचं कोण आहे?"

कुणीच नव्हतं. त्या मैदानात मी लहानपणापासून उभा राहिलोय. पुढच्या सफेत कोण, मागे कुणाची पोरं चुळबुळ करतात, नमाजनंतर गळाभेटीला कोण शोधत येतं, सगळं माहीत आहे. दोन सफांमध्ये सजद्यापुरती जागा असते, एवढंही त्या फोटोत दिसत नव्हतं. ती जागाच लेन्सने खाल्ली होती.

रात्री वही घेऊन हिशेब मांडला, आता तो माझा धंदाच आहे. माझ्या कॅमेऱ्यात २०० मिमीने साठ फुटांवरून जेवढी माणसं चौकटीत बसतात, तेवढीच ३५ मिमीने साडेदहा फुटांवरून बसतात. पुढचा माणूस दोन्ही फोटोंत सारख्याच आकाराचा. पण त्याच्या मागे दहा फुटांवर दुसरा कुणी उभा असेल, तर जवळून काढलेल्या फोटोत तो पुढच्याच्या निम्मा दिसेल. साठ फुटांवरून काढलेल्यात मात्र तो जवळजवळ पुढच्याएवढाच दिसेल, सातात सहा हिस्से. म्हणून मागची माणसं पुढच्यांच्या मानगुटीवर बसल्यासारखी दिसतात. लोक म्हणतात लांबची लेन्स गर्दी दाबते. लेन्स काही करत नाही. फोटो काढणारा किती लांब उभा होता, एवढंच त्यातून कळतं. पेपरवाल्याचा दोषही मी फार मानत नाही. त्याला सकाळी तीन ठिकाणी जायचं असतं. पण वर्षानुवर्षं आपला एकच फोटो छापला जातो, आणि तो लांबूनच काढलेला असतो, ह्यामागचं गणित मला त्या रात्री समजलं.

खरी फजिती मात्र निकाहच्या दिवशी झाली.

हॉलमध्ये नेहमीप्रमाणे मध्ये पडदा होता. जेवणाच्या वेळी तो अर्धा सरकला आणि पलीकडे माझी खाला दिसली. कुणाच्या तरी बोलण्यावर ती तोंडाला हात लावून हसत होती, ओढणी खांद्यावर आलेली, डोळ्यांत पाणी. मी स्टेजच्या कोपऱ्यात उभा होतो, मध्ये पन्नास-साठ फूट अंतर. लेन्स २०० वर होतीच. एकच फोटो काढला, आणि तोपर्यंतच्या माझ्या सगळ्या फोटोंत तो सगळ्यात चांगला होता. मागचे दिवे विरघळून गोल झालेले, चेहरा लख्ख. रात्री खानदानाच्या ग्रुपवर टाकला. बत्तीस जणांनी लाल बदाम पाठवले.

सकाळी खालाचा फोन आला. "क्या रे, चुपके से लिया ना? बोलके लेना था, ओढनी तो ठीक कर लेती."

मी म्हटलं, खाला, मला वाटलं तुम्ही नको म्हणाल.

"पूछा था क्या तूने?"

नव्हतं विचारलं. मीच काय, कुणीच कधी विचारलं नव्हतं. लग्नात दुल्हनचे फोटो होतात, स्टेजवर पाकीट देणाऱ्यांचे होतात. खाला कॅमेरा दिसला की बाजूला होते आणि सगळे समजतात, तिला चालत नाही. तिचं म्हणणं असं की अनोळखी फोटोग्राफरपुढे ती बाजूला होते, भाच्यापुढे कशाला होईल? तिचे आजवरचे फोटो मोजले तर आधारचा, मतदार ओळखपत्राचा आणि हजच्या फॉर्मचा. तिन्हींत ती गुन्हेगारासारखी समोर बघतेय. फोटो जायज की नाजायज ह्यावर आपल्याकडे उलेमांत मतभेद आहेत आणि चहाच्या टपरीवर तर त्याहून जास्त आहेत. पण खालाचा प्रश्न तो नव्हताच. तिला ओढणी सारखी करायची होती. मी ग्रुपवरून फोटो काढून टाकला. ईदच्या फोटोवरून पेपरवाल्यांना मनातल्या मनात बोल लावून अजून दोन दिवसही झाले नव्हते.

लेन्स परत केली. ती वाईट आहे असं म्हणणार नाही. मुशायऱ्यात, नाटकात, मैदानी खेळात जवळ जाताच येत नाही, तिथे दुसरा इलाज नाही. लग्नं करून घर चालवणाऱ्याला तर ती लागतेच. मला नको होती, एवढंच. ती हातात असली की मी विचारायचं टाळतो.

मग काय घ्यायचं? सगळ्यांत स्वस्त ५० मिमी एफ १.८. वजन १६० ग्रॅम, किंमत दहा हजारांच्या आसपास, आणि एफ ५.६ च्या जवळजवळ दहापट उजेड. पण २०० डी चा सेन्सर लहान आहे, त्यावर ५० मिमी ८० सारखी वागते. दहा फुटांवरून जेमतेम साडेचार फूट रुंदीचा तुकडा चौकटीत येतो. आमच्या भवानी पेठेतल्या नातेवाइकांच्या खोल्याच दहा बाय दहाच्या आहेत, त्यात कपाट आणि पलंग. पाठ भिंतीला लावली तरी नवरा-बायको मावतील, सासू कापली जाईल. ८५ मिमीचं तर नावच नको. २४ मिमीची छोटी लेन्स जेमतेम १२५ ग्रॅमची, तिच्यात अख्खी खोली बसते, पण ती एफ २.८. शिवाय एकाच माणसाने चौकट भरायची तर इतकं जवळ जावं लागतं की नाक पुढे येतं. नाकावरून आमच्याकडे आधीच पुरेशी भांडणं आहेत.

एका मित्राने फुकटचा उपाय सांगितला, तो मी सगळ्यांना सांगतो. किट लेन्स ३५ वर नेऊन झूमच्या कड्याला चिकटपट्टी लावायची आणि महिनाभर काढायची नाही. शिवाय जुने फोटो कॉम्प्युटरवर उघडून ते किती मिमीवर काढलेत ते बघायचं, प्रत्येक फोटोत ती नोंद असते. माझे निम्म्याहून जास्त फोटो २४ ते ४० च्या मध्ये होते. म्हणजे मी वर्षानुवर्षं नजर ठेवून होतो २०० वर आणि काम चाललं होतं पस्तिशीत.

चिकटपट्टीच्या महिन्यातच पालखी आली. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत मुक्कामाला असते, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. आमच्या भागातली पोरं वारकऱ्यांना पाणी-चहा वाटतात, मीही जातो. आधीच्या वर्षी झूम करून समोरच्या फुटपाथवरून फोटो काढले होते. ह्या वेळी पुढे सरकण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पायाला तेल चोळत बसलेल्या एका आजींपाशी उकिडवा बसलो आणि विचारलं. त्या म्हणाल्या, "काढ बाबा, पण मला दाव." दाखवला. त्यांना पसंत पडला नाही. टिळा पुसट आलाय म्हणाल्या. पिशवीतून बुक्का काढून लावला आणि पुन्हा बसल्या. दुसरा फोटो जास्त चांगला आला हे मला कबूल करावं लागलं.

त्या दिवसांत संदेश भंडारे यांचं 'तमाशा : एक रांगडी गंमत' पुन्हा चाळलं. ते कलावंत कॅमेऱ्यापुढे बिचकत नाहीत, हे पानापानावर दिसतं. होमाई व्यारावाला ह्यांचंही आठवलं. १९१३ साली नवसारीत जन्मलेली, मुंबईत जे. जे. मध्ये शिकलेली ही पारशी बाई पुढे देशातली पहिली महिला वृत्तछायाचित्रकार झाली. त्यांच्या रोलीफ्लेक्सला लेन्स बदलायची सोयच नव्हती. नेहरूंचा चेहरा मोठा हवा, तर पाय उचलून नेहरूंपर्यंत जायचं. ह्या लोकांच्या शेजारी माझं नाव ठेवतोय असं समजू नका. माझा मुद्दा अंतराचा आहे.

शेवटी ३५ मिमी एफ २ वर आलो. किट लेन्सच्या आठपट उजेड, म्हणजे ६४०० चं काम ८०० मध्ये. वजन ३३५ ग्रॅम. दहा फुटांवरून साडेसहा फूट रुंदी, दस्तरख्वानावर शेजारी बसलेली तिघं आरामात येतात. जुनी शोधताना एक धडा मिळाला. पहिली पाहिली ती बाहेरून कोरी करकरीत होती. मोबाइलची बॅटरी मागून मारून आत बघितलं तर काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे, बुरशी. पुण्याच्या पावसात कापडी बॅगेत ठेवलेल्या लेन्सचं हेच होतं. विकणाऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, फोटोत दिसत नाही. आज दिसत नसेल. दुसरी स्वच्छ निघाली, चोवीस हजारांत. आता ती हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत राहते. डबा अम्मीचा लोणच्याचा होता, त्यावरून अजून ऐकून घेतोय.

उरलेल्या छत्तीस हजारांत दुसरी लेन्स घ्यायचा विचार होता, घेतली नाही. थोडे थोडे करून प्रिंट काढतोय. ज्याचा फोटो त्याला कागदावर नेऊन द्यायचा. ग्रुपवरचा फोटो लोक बोटाने वर सरकवतात, हातात दिलेला मात्र ठेवून घेतात.

पहिला प्रिंट खालाचा. तिच्या घरी गेलो, सांगून. तासभर थांबवलं. तिने चहा केला, शीरखुर्मा नसला तरी शेवया केल्या, आतल्या खोलीत जाऊन ओढणी बदलून आली, मग पहिलीच बरी म्हणून पुन्हा बदलली. मी खिडकीपाशी बसवलं, चार फुटांवर बसलो. पहिले आठ-दहा फोटो आधार कार्डासारखेच आले. मग तिने मामांच्या लग्नातला कुठलासा किस्सा काढला, सांगता सांगता हसू आवरेना आणि तोंडावर हात गेला. ओढणी पुन्हा खांद्यावर. मी थांबलो. तिने ती सारखी केली आणि माझ्याकडे बघितलं, "अब ले."

बारा बाय आठचा प्रिंट दिलाय. भिंतीवर लावलेला नाही, त्या खोलीत ती नमाज पढते. कपाटात दुपट्ट्यांच्या घडीत ठेवलाय. पाहुणे आले की किल्ली शोधते.