डिकीत सिलिंडर, मांडीवर सामान

पेट्रोलचा खर्च वाचावा म्हणून दिल्ली, नोएडा, गुरुग्राममधल्या कित्येक कुटुंबांनी सीएनजी गाडी घेतली. पण सुटीत हरिद्वारला निघताना कळते, की डिकी तर सिलिंडरनेच अडवली आहे! मग बॅगा मागच्या सीटवर, जेवणाचा डबा गृहिणीच्या मांडीवर आणि आजी कोपऱ्यात अंग चोरून. तक्रार क्षुल्लक म्हणून कोणी करत नाही.

मे २०२३ मध्ये टाटाच्या अल्ट्रोझ गाडीत ६० लिटरच्या एका टाकीऐवजी ३०-३० लिटरच्या दोन टाक्या डिकीच्या तळाशी बसवल्या गेल्या आणि वरची जागा मोकळी झाली. म्हणजे उपाय अशक्य नव्हता. तेव्हा गाडी घेताना मायलेज जरूर विचारा, पण आधी डिकी उघडून बघा आणि आजीला मागे बसवून तिचेही मत घ्या.