बाहेर पडायची दारं चार, परत यायचं एक



नव्या शैक्षणिक धोरणावरून आपल्या कार्यकर्त्यांत सध्या दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, बहुजनांच्या पोरांना शिक्षणातून बाहेर काढायचा हा डाव आहे. दुसरा म्हणतो, पूर्वी दोन वर्षं शिकून कॉलेज सुटलेल्याच्या हातात काहीच नसायचं, आता निदान पदविका तरी मिळेल. पहिल्या वर्षानंतर सोडलं तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी, चौथ्यानंतर ऑनर्स, अशी ही रचना आहे. मिळवलेले क्रेडिट्स सात वर्षं बँकेत जमा राहतात म्हणे.

मी दोन्ही बाजूंच्या सभांना बसले आहे आणि दोन्ही बाजू मला अर्ध्याच वाटतात. कारण मी स्वतः पदविकेवरून पदवीला आणि पदवीवरून एम.ए.ला गेलेली बाई आहे. या धोरणाच्या आधीच्या काळात गेले, म्हणजे कुठलीही बँक नसताना. त्या रस्त्यावर कुठे खड्डे होते ते मला ठाऊक आहे, आणि नवीन धोरणाने त्यातले कुठले बुजवले आणि कुठले तसेच ठेवले तेही सांगता येईल.

२००९ साली मी बारावी झाले तेव्हा परभणीच्या आमच्या वस्तीत एकच शब्द चालायचा, डी.एड. पदवी म्हणजे काय हे आमच्या घरात माहीत नव्हतं असं कुणी समजू नये. बाबासाहेबांच्या फोटोखाली त्यांच्या पदव्या छापलेल्या असतात, त्या मला पाढ्यांसारख्या पाठ होत्या. पण वडील मोंढ्यात हमाली करायचे, आई दुसऱ्याच्या शेतात निंदायला जायची. तीन वर्षांच्या बी.ए.नंतर काय, याला घरात कुणाकडे उत्तर नव्हतं. दोन वर्षांच्या डी.एड.नंतर काय, याला होतं : जिल्हा परिषदेची शाळा. आधी तीन वर्षं शिक्षणसेवक, मग पूर्ण पगार. गरीब घर अभ्यासक्रम निवडताना विषय बघत नाही, किती वर्षं बसून खावं लागेल ते बघतं. माझ्याबरोबर वस्तीतल्या सात जणांनी डी.एड. केलं.

मी २०११ मध्ये पास झाले. २०१२ मध्ये शासनाने शिक्षकभरती थांबवली. २०१३ मध्ये टीईटी आली. महाराष्ट्रभर डी.एड. झालेल्या पोरापोरींची एक अख्खी पिढी त्या दोन-तीन वर्षांत अडकली आणि तिच्यात आपले लोक किती होते ते कुठल्याही जिल्ह्याच्या ठिकाणी विचारा. ज्यांच्या घरात दुसरा आधार होता ते थांबले, स्पर्धा परीक्षांना बसले. बाकीचे मिळेल त्या कामाला लागले. मी एका खाजगी बालवाडीत महिना अठराशे रुपयांवर होते.

२०१२ च्या जूनमध्ये मी बी.ए.ला नाव घालायला गेले. डी.एड.ची गुणपत्रिका वरच ठेवली होती. खिडकीतल्या बाबूने ती न वाचता बाजूला सरकवली आणि म्हणाला, "मॅडम, याचा इथं काही उपयोग नाही. बारावीची काढा. आणि मधल्या वर्षाचं गॅपचं ॲफिडेव्हिट लागेल." दोन वर्षं मी बालमानसशास्त्र शिकले होते, मूल्यमापन शिकले होते, सूक्ष्म अध्यापन केलं होतं, वह्याच्या वह्या पाठटाचणांनी भरल्या होत्या. बी.ए.च्या हिशेबात हे सगळं शून्य. उलट वर्षाचा खंड का पडला याचा खुलासा मीच करायचा, तोही तहसीलला जाऊन, प्रतिज्ञेवर. शासनाने भरती थांबवली याचं प्रतिज्ञापत्र शासनाकडून कुणी मागत नाही!

त्याच वर्षी माझा मावसभाऊ पॉलिटेक्निकचा डिप्लोमा संपवून थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला बसला. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा केला तर पदवीचं पहिलं वर्ष माफ, असा तिथला नियम आहे आणि तो चांगला आहे. मग शिक्षणशास्त्राच्या पदविकेला कला शाखेत तसा मान का नसावा? मला वाटतं, डिप्लोमा इंजिनिअरची गरज कारखान्यांना होती, म्हणून त्याच्यासाठी जिना बांधला गेला. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवू इच्छिणाऱ्या दलित मुलीने पुढे समाजशास्त्र शिकावं, ही गरज कुणाला होती?

बी.ए.ची तीन वर्षं मी अठरा वर्षांच्या पोरांत ताई म्हणून काढली. सकाळी कॉलेज, संध्याकाळी शिकवण्या. शिष्यवृत्ती यायची, पण ती वर्ष संपताना यायची आणि परीक्षा फी वर्ष चालू असताना भरावी लागायची. त्याबद्दल फार लिहीत नाही, तुमच्यापैकी बहुतेकांनी ते भोगलं आहे. पुढे एम.ए.ला औरंगाबादला गेले. ज्या विद्यापीठाच्या नावासाठी आपल्या माणसांनी १९७८ पासून १९९४ पर्यंत सोळा वर्षं रस्त्यावर काढली, घरं जळताना पाहिली, त्या विद्यापीठाच्या वाचनालयात मला पहिल्यांदा कळलं की माझ्या बाबतीत जे झालं त्याला समाजशास्त्रात नाव आहे.

अमेरिकेत दोन वर्षांची असोसिएट डिग्री असते. बहुतेक ती कम्युनिटी कॉलेजात मिळते. या कॉलेजांची सुरुवात १९०१ मध्ये इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावापासून झाली. कल्पना छान होती : गावातच, कमी खर्चात दोन वर्षं शिका आणि मग विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जा. गरिबांची, काळ्यांची, स्थलांतरितांची मुलं मोठ्या संख्येने तिथेच जातात. प्रवेश घेताना बहुतेकांना पुढे पदवी घ्यायची असते. प्रत्यक्षात सहा वर्षांत पदवीपर्यंत पोहोचणारे पाचात एकही भरत नाहीत. बर्टन क्लार्क या समाजशास्त्रज्ञाने १९६० मध्येच यावर निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं की या कॉलेजांचं एक न सांगितलेलं काम असतं. ते काम म्हणजे विद्यार्थ्याची इच्छा हळूहळू थंड करणं. त्याला दारातून हाकलायचं नाही. समुपदेशक बसवायचे, चाचण्या घ्यायच्या, तुझ्यासाठी हा छोटा व्यावसायिक कोर्सच बरा असं गोडीत सांगायचं, इतकं की शेवटी तो स्वतःच म्हणतो, मला एवढंच झेपतं. दोष व्यवस्थेकडून उचलून विद्यार्थ्याच्या पदरात टाकला जातो, आणि व्यवस्था दयाळू दिसत राहते.

हा निबंध मी वाचनालयात दोनदा वाचला. आपल्याकडे शाळेत हेच वाक्य "तुमच्याकडे आरक्षण आहे ना, मग आयटीआय कर, लवकर लागशील" अशा बोलीत येतं, एवढाच फरक.

आता दुसऱ्या तटाचा मुद्दा. अर्ध्यात सोडणाऱ्याला काहीतरी मिळतं, हे खोटं नाही. खंड पडणं हा गुन्हा नाही असं एक सरकारी कागद पहिल्यांदा म्हणतो आहे, याचं मला मोल वाटतं. आणि बाहेर पडावं लागणं यात कमीपणाही नाही. खुद्द बाबासाहेबांना अर्ध्यात बाहेर पडावं लागलं होतं. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते कोलंबियाला गेले, १९१५ मध्ये एम.ए. झाले, १९१६ मध्ये लंडनला पोहोचले. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास तसाच ठेवून परत यावं लागलं. पण निघताना त्यांनी लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करायची परवानगी मिळवली होती. १९२० मध्ये ते परत गेले, १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले.

धोरणाचे समर्थक हे उदाहरण आनंदाने देतील. पण मधल्या तीन वर्षांत काय होतं ते बघा. सिडनहॅम कॉलेजातली प्राध्यापकी होती आणि त्या पगारातून काटकसरीने साठवलेले पैसे होते. शाहू महाराजांची मदत होती. नवल भथेना या पारशी मित्राने दिलेलं कर्ज होतं. आणि घरात रमाई होत्या, ज्यांनी त्या काळात काय सोसलं ते मी इथे सांगायची गरज नाही. परवानगीचा कागद एकटा त्यांना बोटीत बसवू शकला नसता.

नव्या धोरणात फक्त तो परवानगीचा कागद आहे. बाहेर पडल्यावर तीन वर्षांच्या आत परत यायचं आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करायची, असा नियम आहे. जी मुलगी बापाचा अपघात झाला म्हणून दुसऱ्या वर्षानंतर कामाला लागली, ती तिसऱ्या वर्षासाठी पैसे कुठून आणणार? तीन वर्षांत तिच्या घरची स्थिती सुधारेल हे कोणी गृहीत धरलं? शिवाय आमच्याकडे पदविका हातात आली की सासरकडचे लगेच विचारतात, "आता झालं ना शिक्षण?" पूर्वी अर्धी राहिलेली बी.ए. निदान अर्धी दिसायची. पोरीला आईबापाशी भांडायला तेवढं कारण पुरायचं. आता ती अर्धी पुरी दिसणार आहे. आणि बी.ए.च्या दोन वर्षांची पदविका बघून नोकरी देणारा मालक मला अजून भेटलेला नाही. कुणाला भेटला असेल तर जरूर कळवा.

दुसरीकडे वरचा मजला उंच होत चालला आहे. चार वर्षांची पदवी घेणाऱ्याला एम.ए. एका वर्षात, तीन वर्षांवाल्याला दोन वर्षांत. चौथ्या वर्षी संशोधन करायचं तर आधीच्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत. संध्याकाळी शिकवण्या घेऊन सकाळी वर्गात पेंगणारी मुलगी ७५ टक्के आणेल का? एखादी आणेलही, आणि मग वर्तमानपत्रं तिचा फोटो छापून बाकीच्यांना आळशी ठरवतील.

१२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी दाखवून दिलं होतं की प्राथमिक शाळेत येणाऱ्या शंभर मुलांपैकी अठराच चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात. किती मुलं दारातून आत आली हे सांगून सरकारला सुटता येणार नाही, कुठल्या टप्प्यावर बाहेर पडली ते सांगावं लागेल, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. आज प्रत्येक विद्यापीठाला हाच हिशेब मागायला हवा : प्रमाणपत्र घेऊन किती गेले, पदविका घेऊन किती गेले, त्यात अनुसूचित जाती व नवबौद्ध किती, मुली किती, आणि तीन वर्षांत परत किती आले. क्रेडिटची बँक संगणकावर आहे, म्हणजे हे आकडे काढणं अवघड नाही. माहितीच्या अधिकारात अर्ज करायला एक साधा कागद लागतो. सोबत दुसरी मागणी : परत येणाऱ्याला पहिल्या सत्राची फी आधी भरायला लावू नका आणि स्वाधार व वसतिगृहाच्या प्रवेशात खंडाला अडथळा करू नका. धोरणच म्हणतं की खंड चालेल, मग समाजकल्याणच्या खिडकीवर तो का चालू नये?

आमच्या वस्तीत आम्ही एक वही ठेवली आहे. कॉलेज सोडलेल्यांची नावं, कुठल्या वर्षाला सोडलं, कशामुळे, आणि परत जायची मुदत कधी संपते. बुद्धविहारात रविवारी वंदना झाली की ती उघडतो. सध्या अकरा नावं आहेत, त्यात आठ मुली. तिघींच्या घरी मी जाऊन आले. एकीच्या सासूने चहा दिला, पण विषय काढू दिला नाही. दोघी यंदा परत जायला तयार आहेत. त्यांची खंडाची प्रतिज्ञापत्रं या आठवड्यात करायची आहेत. सोमवारी तहसीलला गर्दी असते, म्हणून मंगळवारी जाणार आहोत.